हातावरची तुळस आणि वॉर्डातले आजोबा

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. मी पंचवीस वर्षांची असून बी.एस्सी. नर्सिंग झाल्यापासून इंदूरमधील एका खासगी रुग्णालयाच्या मेडिकल वॉर्डात काम करते. आठ महिन्यांपूर्वी माझी आजी गेली. तिच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेले होते. ती आजारी असताना मी त्याचा फोटो काढून ठेवला होता. तिचे दिवसकार्य झाल्यावर तेच चित्र, तितक्याच आकाराचे, मी माझ्या उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून चार बोटे वर, टॅटू करून घेतले. गेल्या महिन्यात रामबाग या इथल्या मराठी वस्तीतील एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे भरती होते. मी इंट्राकॅथ (सलाइनसाठी शिरेत बसवायची सुई) लावायला गेले तेव्हा त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, "असली चित्रे काढून फिरणारी पोरगी नको, दुसऱ्या सिस्टरला बोलवा." मला राग आला आणि मी "आजोबा, हात माझा आहे," असे उत्तर दिले. त्यांच्या सूनबाईंनी तर "हातावर तुळस काढायची आणि त्याच हाताने बेडपॅन उचलायचे?" असे सर्वांसमोर विचारले. तक्रार वर गेली. मेट्रन मॅडम (आम्हा नर्सेसच्या प्रमुख) म्हणतात, ड्यूटीवर पट्टी बांधून ये, नाहीतर पूर्ण बाहीचे काही घाल. आई म्हणते, लेसरने काढून टाक, उद्या स्थळे बघायची आहेत. माझे चुकले का? आणि आता मी काय करावे?

उत्तर

प्रिय मुली, सप्रेम आशीर्वाद.

टॅटू करून घेण्यात तुझे काही चुकलेले नाही. आजोबांना जे उत्तर दिलेस त्यात थोडे चुकले, त्याविषयी पुढे लिहिते. परंतु सगळ्यात मोठी चूक तुझी नाहीच. पट्टी बांधून काम करण्याचा जो उपाय तुला सुचवण्यात आला आहे, तो तुझ्या हातावरच्या तुळशीपेक्षा रुग्णांना कितीतरी अधिक अपायकारक आहे, आणि तुला उद्याही ड्यूटीवर जायचे असल्यामुळे मी तिथूनच सुरुवात करते.

मनगटाच्या वर चार बोटे रोलर बँडेज गुंडाळलेले आहे अशी कल्पना कर. सकाळच्या पाळीत तू वीस-पंचवीस रुग्णांना हात लावतेस. साबणाने हात धुण्याची पूर्ण कृती मनगटासकट चाळीस ते साठ सेकंदांची आहे, आणि ती नीट केली तर पट्टीची खालची कड पहिल्याच धुण्यात ओली होणार. ती ओली कड मग एका पलंगावरून दुसऱ्या पलंगावर, एकाच्या चादरीवरून दुसऱ्याच्या ड्रेसिंगवर टेकत जाते. दुपारपर्यंत ती पट्टी कडेने करडी झालेली असते. ती ओली होऊ नये म्हणून मुली मग हातच अर्धवट धुतात, हे नर्स म्हणून काम करताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. शिवाय ज्याला टॅटू दिसला नसता त्यालाही पट्टी दिसते, आणि सिस्टरच्याच हाताला जखम आहे की काय, असा संशय तो घेतो. पूर्ण बाहीची गतही तीच. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने 2007 साली रुग्णालयांतील लांब बाह्या, घड्याळे आणि अंगठ्या बंद करून कोपराखालचा हात उघडा ठेवण्याचा दंडक घातला, तो याच कारणासाठी. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने केंद्रीय रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांना कोपराखाली बांगड्या, अंगठ्या, धागेदोरे आणि घड्याळ घालू नये असे बजावलेले आहे. म्हणजे जगभर ज्या बाह्या वर सारल्या जात आहेत, त्या तुला एका चित्रासाठी खाली ओढायला सांगितले जात आहे.

भरून आलेल्या टॅटूत मात्र जंतूंना लपायला जागा नसते. शाई त्वचेच्या वरच्या, सतत झडणाऱ्या थरात नसून त्याखालच्या थरात असते, म्हणून तर ती वर्षानुवर्षे टिकते. वरची कातडी तुझ्या दुसऱ्या हातासारखीच असते आणि तशीच धुतली जाते. ताजा टॅटू ही गोष्ट वेगळी आहे, कारण ती उघडी जखम असते. ती भरायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि त्या काळात नर्सने तो भाग झाकलाच पाहिजे, शक्य झाल्यास रजाच घ्यावी. तुझे ते दिवस कधीच सरले आहेत.

खरा धोका सुईत आणि शाईच्या वाटीत असतो. टॅटू इंदूरच्या छप्पन दुकान बाजाराजवळच्या वातानुकूलित दुकानात काढलेला असो किंवा भगोरियाच्या, म्हणजे भिल्लांच्या होळीआधीच्या जत्रेच्या, हाटात बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राने एका रांगेत बसलेल्या दहा जणांना काढलेला असो, नवी सुई आणि प्रत्येकासाठी वेगळी शाई घेतली होती की नाही एवढाच प्रश्न विचारण्यासारखा आहे. तुझ्या सुईचे पाकीट तुझ्यासमोर फोडले होते का, हे तू लिहिलेले नाहीस. म्हणून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही या तीन तपासण्या करून घे. आठ महिने लोटलेले असल्यामुळे त्यांचे निकाल आता भरवशाचे येतील. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तिन्ही डोस झाले असतील, तर तिचे संरक्षण रक्तात पुरेसे तयार झाले आहे की नाही, हेही त्याच वेळी पाहून घे. टॅटू नसता तरी मी तुला हे सांगितले असते, कारण तुझ्या पेशात रोज सुया हाताळाव्या लागतात. तो रिपोर्ट आईला दाखव. "टॅटूने रोग होतात" या तिच्या भीतीला चर्चेने उत्तर मिळणार नाही, कागदाने मिळेल.

आता लोकांच्या दृष्टीबद्दल. रुग्णांना टॅटूवाले डॉक्टर आणि नर्स कसे वाटतात, याचा अभ्यास परदेशांत झालेला आहे आणि त्यातले दोन मला तुझ्या संदर्भात महत्त्वाचे वाटतात. 2012 साली अमेरिकेतील एका परिचर्या-प्रशासनाच्या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत रुग्णालयात दाखल असलेल्या दीडशे प्रौढांना गणवेशातील परिचारकांची छायाचित्रे दाखवली होती, काही टॅटूसह आणि काही टॅटूविना. टॅटूमुळे कोणाचेही गुण वाढले नाहीत, हे अपेक्षितच होते. मात्र सारखाच टॅटू असलेल्या पुरुषापेक्षा स्त्रीला लोकांनी कमी व्यावसायिक मानले. दुसरा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पेन्सिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात तेच डॉक्टर काही दिवस नकली टॅटू किंवा टोचलेले दागिने लावून आणि काही दिवस त्याशिवाय कामावर आले. ज्यांना त्यांनी प्रत्यक्ष तपासले अशा नऊशेहून अधिक रुग्णांना नंतर, पाहणीचा हेतू न सांगता, डॉक्टरांविषयी विचारण्यात आले. कौशल्य, आस्था, विश्वासार्हता यांपैकी कशातही फरक पडला नाही.

हे दोन निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध आहेत असे पहिल्यांदा वाटते, पण ते तसे नाहीत. पहिल्या पाहणीतील रुग्णांसमोर फक्त चित्र होते. दुसरीतील रुग्णांसमोर आजार होता, वेदना होती आणि त्यावर उपाय करणारा माणूस होता. फोटोत माणूस टॅटू पाहतो आणि पलंगावर पडलेला असताना हात पाहतो. अर्थात ते अमेरिकेचे वॉर्ड आहेत, जिथे दर तिसऱ्या माणसाच्या अंगावर काहीतरी कोरलेले असते. आपल्या वॉर्डात त्या हाताला ओळख पटेपर्यंत थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. वॉर्डातल्या त्या आजोबांच्या बाबतीत तो वेळ मिळालाच नाही, कारण तुझी आणि त्यांची पहिली भेटच सुई घेऊन झाली.

आणि आपल्याकडे तरी हे प्रकरण नवीन कुठे आहे? मी 1979 साली इंदूरमध्येच नर्स म्हणून कामाला लागले, तेव्हा आमच्या प्रसूती विभागात धारकडची एक आयाबाई होती. तिचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेले होते. त्यावर विंचू होता, मोर होता, ठिपक्यांच्या रांगा होत्या, आणि वयामुळे रेषा पसरून सगळे हिरवट निळे झाले होते, जणू ओल्या कागदावरची दौतीची शाई. जन्मलेल्या बाळाला पहिल्यांदा पुसायची ती त्याच हातांनी. शहरातली बडी बडी मराठी घराणी आमच्याकडे बाळंतपणाला येत असत, आणि त्यांतील एकाही सासूबाईंनी "या हातांची बाई नको" असे म्हटल्याचे मला आठवत नाही. उलट "तीच बाई पाठवा, तिचा हात हलका आहे" असा निरोप यायचा.

त्या हातांना लोक गोंदलेले म्हणत आणि तुझ्या हाताला टॅटूवाला म्हणतात. सुई तीच, शाई त्वचेच्या त्याच थरात. पण गोंदण म्हटले की ते पिढीजात, खेड्यातले, गरिबाघरचे, म्हणून क्षम्य ठरते आणि टॅटू म्हटला की तो शिकलेल्या मुलीने स्वतःच्या मनाने आणि स्वतःच्या पैशाने करून घेतलेला ठरतो. खुपते ते हे दुसरे. आयाबाईच्या अंगावर काय असावे हे तिच्या समाजाने ठरवले होते, तुझ्या अंगावर काय असावे हे तू ठरवलेस. म्हणून मला वाटते की, आजोबांनी हात मागे घेतला तो शाईला पाहून नव्हे, तर मनाप्रमाणे वागणाऱ्या मुलीला पाहून. त्यांना हे स्वतःला ठाऊक असेल असे मात्र मी म्हणणार नाही.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे, नाहीतर माझा हा उपदेश खोटा ठरेल. नव्वदच्या दशकात मी सिस्टर ट्यूटर (नर्सिंगच्या मुलींना शिकवणारी) असताना झाबुआकडील एक भिल्ल मुलगी आमच्याकडे शिकायला होती. तिच्या डोळ्यांच्या कडेला गोंदणाच्या बारीक रेषा होत्या. तिच्या समाजातल्या बहुतेक बायकांना त्या असतात. तपासणीसाठी बाहेरून मंडळी यायची असली की मी तिला त्यावर पावडर लावून यायला सांगत असे, आणि तिच्या भल्यासाठीच सांगते आहे असे मला मनापासून वाटत असे. तीन वर्षे तिने निमूटपणे ऐकले. प्रमाणपत्र घ्यायला आली त्या दिवशी मात्र तिने पावडर लावली नव्हती. तिने मला वाकून नमस्कार केला, चेहरा वर केला आणि हसली. इंदूरच्या सरकारी एम.वाय. रुग्णालयात झाबुआ, धार, अलीराजपूरकडून येणाऱ्या बायकांच्या रांगा पाहिल्या की मला ती मुलगी आठवते. त्या बायकांना तिच्या डोळ्यांच्या कडा पाहून किती धीर आला असता, हा विचार मला तेव्हा सुचला नाही. 1878 पासून वैद्यकशिक्षण देणाऱ्या शहरात आम्ही रोग्याच्या अंगावरचे गोंदण चालवून घेत होतो आणि नर्सच्या अंगावरचे पुसायला सांगत होतो.

सूनबाईंचा बेडपॅनचा प्रश्न मात्र मला आजोबांच्या रागापेक्षा अधिक विचारात पाडणारा वाटला. तो दुष्टपणाने विचारलेला असला तरी त्यामागची भावना खरी असू शकते, कारण तुळस ही आपल्याकडे नुसती वनस्पती नाही. पण तुझ्या आजीच्या हाताचे काय? त्या हाताने तिने नातवंडांची दुपटी धुतली असतील, शेण सारवले असेल, घरात अंथरुणाला खिळलेल्या कोणा म्हाताऱ्याचे सगळे केले असेल, आणि संध्याकाळी त्याच हाताने खऱ्या वृंदावनापाशी दिवाही लावला असेल. हातावरची तुळस विटाळली असे तिला कोणी म्हटले नाही. गोंदणाऱ्या बाईने काजळी आणि पाल्याचा रस घेऊन ती तुळस काढली, तेव्हा हे हात पुढे काय काय उचलणार आहेत, हे तिला चांगले माहीत होते. मेल्यावर सगळे दागिने उतरवले जातात आणि गोंदण तेवढे बरोबर येते, असे जुन्या बायका म्हणत. म्हणजे हा कष्टाच्या हातांचाच दागिना आहे. सूनबाईंना हे उत्तर वॉर्डात द्यायचे नसते, हे तुला ठाऊक आहेच. ते तुझ्यासाठी आहे.

विटाळाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगते. आपल्या देशात नर्सिंग सुरुवातीला फार करून ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन मुलींनी सांभाळले, कारण परक्यांच्या अंगाला, रक्तामुताला हात लावण्याचे काम इतर घरांतील मुलींना शोभत नाही असे मानले जाई. मी नर्स होणार म्हटल्यावर माझे वडील चार दिवस माझ्याशी बोलले नव्हते. मला पाहायला आलेल्या दोन स्थळांनी "नोकरी चालेल, ही नोकरी नको," असे कळवले होते. आज तुझ्या हातावरच्या चित्राविषयी जे बोलले जाते, ते तेव्हा पांढऱ्या गणवेशाविषयी बोलले जात होते.

आता आजोबा. तू "हात माझा आहे" म्हणालीस ते खरेच आहे, पण ते त्या क्षणी बोलायचे नव्हते. सुई टोचून घ्यायला बसलेल्या म्हाताऱ्याचा स्वतःच्या शरीरावरचा ताबा तसाही सुटलेला असतो. कपडे रुग्णालयाचे, जेवणाची वेळ रुग्णालयाची, लघवी किती झाली हेसुद्धा दुसऱ्याने लिहून ठेवायचे. अशा माणसाला "नाही" म्हणायला कुठेतरी एक जागा हवी असते आणि तुझा टॅटू त्याला सापडला. तो सापडला नसता तर त्याने तुझ्या वयावर किंवा हिंदीमिश्रित मराठीवर बोट ठेवले असते. पुढच्या वेळी कोणी नजर रोखून पाहिले, तर सुई हातात घेण्याआधी ट्रे बाजूला ठेव, हात त्यांच्यासमोर धर आणि एकच वाक्य सांग, "काका, माझ्या आजीच्या हातावर अशीच तुळस गोंदलेली होती, ती गेली म्हणून मी तिची आठवण ठेवली आहे." दुसरे वाक्य जोडू नकोस, समर्थन देऊ नकोस, आणि लगेच विचार, "कोणत्या हाताची शीर मागच्या वेळी नीट सापडली होती?" हा दुसरा प्रश्न पहिल्या वाक्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण त्याने ताबा थोडासा त्यांच्याकडे परत जातो. आमच्या पिढीतली मराठी माणसे टॅटूवर चिडतात, पण आजी म्हटल्यावर बहुतेक वेळा विरघळतात. रामबागेतली तर नक्कीच.

आणि तरीही कोणी नाही म्हणाले, तर तो रुग्णाचा अधिकार आहे. सहकारी सिस्टरला बोलव, चार्टवर "रुग्णाच्या विनंतीवरून" एवढेच लिही आणि पुढच्या पलंगाकडे जा. मात्र एका रुग्णाची नापसंती आणि रुग्णालयाचा नियम या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. उद्या कोणी सिस्टरचे आडनाव विचारून हात मागे घेतला, तर रुग्णालय त्या सिस्टरला आडनाव झाकून यायला सांगेल का? हा प्रश्न मेट्रन मॅडमना विचारायचा नाही, पण त्यांच्या खोलीत जाताना मनात ठेवायचा आहे.

त्यांच्याशी बोलताना भांडणाचा सूर नको. मेट्रनला वरून व्यवस्थापन विचारते आणि खालून नातेवाईक, आणि ती दोघांच्या मध्ये उभी असते. मी त्या खुर्चीवर बसलेली आहे. टॅटूविषयी रुग्णालयाचा लेखी नियम असल्यास तो वाचायला माग. नसल्यास, पट्टीमुळे हात धुण्याला अडथळा येतो एवढाच मुद्दा अर्जात लिही आणि त्याची एक प्रत संसर्ग नियंत्रण समितीला द्यावी अशी विनंती कर. समितीच्या लोकांना टॅटूत रस नसतो, ओल्या पट्टीत मात्र निश्चित असतो. झाकणे अगदीच अनिवार्य ठरले, तर मनगट पूर्ण मोकळे सोडून, पाणी न शिरणारी त्वचेच्या रंगाची पातळ चिकटपट्टी लाव आणि ती दर पाळीला, तसेच ओली किंवा मळकी होताच बदल. कापडी पट्टी कोणत्याही परिस्थितीत नको.

काही टॅटूंच्या बाबतीत मी मेट्रनच्या बाजूने उभी राहीन, हेही सांगून ठेवते. शिवी, शस्त्र, उघडे शरीर, एखाद्या पक्षाचे चिन्ह किंवा स्वतःच्या जातीचा डंका पिटणारी अक्षरे नर्सच्या उघड्या हातावर असू नयेत, कारण आपल्याला नकोसे मानणाऱ्याच्या हाती आपण सापडलो आहोत, असे पलंगावरच्या माणसाला वाटता कामा नये. तुझी तुळस या यादीत येत नाही. मुसलमान किंवा ख्रिस्ती रुग्णालाही तिच्यात धमकी दिसणार नाही, दिसली तर एक कुंडी दिसेल.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या वॉर्डात फारशी कोणाच्या लक्षात येत नसेल. रुग्णालये स्वतःच टॅटू काढतात. कॅन्सरच्या रुग्णाला रेडिएशन देण्यापूर्वी किरण रोज नेमक्या त्याच जागी पडावेत म्हणून बऱ्याच केंद्रांत त्वचेवर सुईच्या टोकाएवढे कायमचे ठिपके गोंदले जातात. स्तन काढून नव्याने घडवल्यावर स्तनाग्राचा रंगही टॅटूनेच भरतात. आल्प्सच्या बर्फात 1991 साली सापडलेल्या, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाच्या अंगावर 61 गोंदणखुणा मोजल्या गेल्या आहेत आणि त्यांतील पुष्कळशा कंबर, गुडघे, घोटे अशा दुखऱ्या जागी असल्यामुळे त्या उपचार म्हणून काढल्या असाव्यात असे अभ्यासक मानतात. गुडघ्यावर ठिपके गोंदलेली म्हातारी भेटली तर तिला विचार, बहुधा ती "वातासाठी" असेच सांगेल.

आईच्या काळजीचा जो भाग नोकरीचा आहे तो खरा आहे, आणि त्यात मी तिच्या बाजूने आहे. सैन्याच्या परिचर्या सेवेत किंवा केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत जायचा विचार असेल तर तिथे टॅटूचे वेगळे आणि कडक नियम असतात. पोलीस दलांच्या वैद्यकीय निकषांत हाताच्या आतल्या बाजूचे गोंदण चालते, पण ते डाव्या हाताचे, कारण सलाम उजव्या हाताने करतात. आकारही त्या अवयवाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी लागतो. तुझी तुळस उजव्या हातावर आहे. नागरी रुग्णालयांच्या जागांना हेच नियम लागू असतात असा अनेकांचा समज असतो, त्यावर विसंबू नकोस, प्रत्येक जाहिरातीतील वैद्यकीय निकष स्वतः वाच.

स्थळांविषयी मी फार लिहिणार नाही. हातावरच्या तुळशीपाशी अडणारे घर पुढे रात्रपाळीपाशीही अडेल, आणि ते आधी कळलेले बरे.

लेसरने काळी शाई इतर रंगांपेक्षा लवकर निघते, हे खरे आहे. पण तरीही सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात, खर्च बराच येतो, प्रत्येक बैठकीनंतर काही दिवस तिथे पुन्हा जखम असते आणि तेवढे दिवस तुला हात झाकावाच लागतो. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर चित्र गेल्यावर त्याच आकाराचा पांढरट डाग उरण्याची शक्यताही असते. म्हणजे तुळस जाईल आणि तुळशीची सावली राहील, आणि त्या डागाविषयी लोक जे विचारतील त्याला "आजीची आठवण" हे उत्तरही देता येणार नाही. एका तक्रारीच्या रागात किंवा घाबरून हा निर्णय घेऊ नकोस. आजीचे वर्षश्राद्ध अजून चार महिन्यांवर आहे, तोपर्यंत तरी हाताला लेसर लावू नकोस. टॅटूनंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही, तीही मुदत त्याच सुमारास संपेल. तुमच्या रुग्णालयाच्या शिबिरात तू दरवर्षी रक्त देत असशील तर ती मुदत संपल्यावर उजवा हात पुढे कर.